ठेव तिथंच

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आबांचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पदवी विद्यापीठानं दिली, विषय मात्र या मेंढपाळानं.

त्यांच्या गावाबाहेर जुन्या वस्तीच्या राखेनं पांढरट झालेली टेकडी आहे. गाव तिला पांढरी म्हणतं. एम.ए.च्या प्रकल्पासाठी गेलो, तर पहिल्याच दिवशी गारगोटीचं धारदार पातं दिसलं, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी घडवलेलं. मी ते झटकन खिशात घातलं. मागं काठी आपटली.

"कुठनं उचललंस?"

"इथूनच कुठून तरी..."

"कुठनं तरी नाय. ठेव तिथंच. साहेब व्हायचंय ना? आधी खाली बघून चाल."

अर्धा तास मी ती जागा शोधत होतो. आबा तंबाखू मळत हसत होते.

तुम्ही त्यांना टेकडी चढताना पाहायला हवं होतं. वहाणा पायथ्याशी. मेंढरांना वर मनाई. माथ्यावर एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या गड्याचा कोरीव दगड. त्यातल्या घोड्यावर आबा तांब्यातलं पाणी ओतत. "लई लांबनं आलाय त्यो." मोबाईल ठेवत नसत. का, तर "घंटी वाजली की मेंढरं बिथरत्यात."

टेकडीची सरकारी नोंद व्हावी म्हणून मी शहरातल्या पुरातत्त्व कार्यालयात खेटे घातले. गारखेड्यातून निघायचं, औरंगपुऱ्यात झेरॉक्स काढायच्या आणि ऐकायचं, "यादीत नाही." यादीत नाही म्हणूनच आलोय, हे सांगून थकलो. शेवटी म्हणाले, "हद्द आखून दाखवा, मग पाहणीला येऊ."

मी चुन्याची फक्की नेली. आबा पुढे, मी मागे. टेकडीभोवती पांढरी रेघ मारली. मग आबा मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "आता तू हाईस."

त्याच आठवड्यात शेजारच्या गायरानातून रस्त्यासाठी मुरूम काढायला मशीन आलं. मी पोचलो तेव्हा अर्धी टेकडी टिप्परमधून गेली होती. मशीनवाला गडबडला. "फक्की दिसली, म्हणलं हीच जागा. खोदायचं नव्हतं तर मारली कशाला?"

आमच्याकडं फक्की मारतात ती पाया खोदायलाच. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही.

पाहणीचे साहेब नंतर आले. फॉर्म उघडून म्हणाले, "इथं आता काय नोंदवू?"

पावसाळ्याच्या तोंडाशी मेंढरं परतली ती आबांच्या मुलासोबत. आबा वाटेत लेकीच्या गावी राहिले, ते अजून आलेले नाहीत. मधे सूनबाई शिधा घेऊन गोदाकाठच्या तळावर गेली, तेव्हा तिच्या हाती मी चिठ्ठी दिली होती. ती मिळाली का, मुलाला विचारलं.

"व्हय. म्याच वाचून दाखवली. आबांनी घडी घालून मुंडाशात ठेवली."

चिठ्ठी अशी होती :

"आबा, फक्कीचं डोकं माझं होतं. मशीनवाल्याला बोल लावू नका. वीरगळ दुभंगला. घोडा शाबूत आहे, रविवारी येऊन त्याला पाणी घालतो. ढिगाऱ्यातून पाती वेचली, पिशवीभर निघाली. तुम्ही म्हणाल, ठेव तिथंच. आबा, कुठं ठेवू?"