कडी न लावता

यंदा पायाच्या जखमेसाठी मी रत्नागिरीच्या इस्पितळात होतो. तिथे शिकायला येणाऱ्या नर्सिंगच्या पोरींनी माझ्या खाटेला पाटी लावली: 'पडण्याचा धोका'. चौथीपर्यंतच शिकलो, पण तेवढं वाचता येतं. जन्मभर खाणीत उभं राहून चिरे काढले, आणि मी पडणार? पाटी उलटी करून टाकली.

वॉर्डात रोगी पडतात ते कमी कसं करायचं, हा त्या पोरींचा अभ्यास होता. त्यांनी सोपी वाट काढली. कोणाला उठूच द्यायचं नाही. खाटेला दांड्या, खाली भांडं.

"भांडं घेऊन जा गो," मी म्हटलं. "मी संडासात जाणार. माझ्या पायांनी."

"आजोबा, पडलात म्हणजे?"

"पडलो तर उठेन. भांड्यावर बसणार नाही."

आणि जेवणाचं ताट परत पाठवलं. जेवलोच नाही तर भांडं कशाला?

त्यांच्या मॅडम आल्या. वाटलं, आता मला दम भरणार. तर त्या पोरींनाच म्हणाल्या, "कोणी पडलं नाही, कारण कोणी उठलंच नाही. ही सुधारणा झाली?" मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय चालेल, सांगा."

हे तिथे कोणी पहिल्यांदाच विचारलं.

एका पोरीने माझ्या बाजूने चालायचं, हात धरायचा नाही, इथवर जमलं. पण संडासाला आतून कडी लावायची नाही, असं ती पोर म्हणाली, तिथे मी अडलो. आमच्या वाडीत पूर्वी संडासाला गोणपाटाचा पडदा असायचा. आतल्याने खाकरायचं, बाहेरच्याने थांबायचं.

"मी खाकरत राहीन," म्हटलं. "गप्प झालो तरच आत यायचं."

"आधी एकाच रोग्यावर करून बघा," मॅडम म्हणाल्या.

गेलो. असा खाकरलो की शेजारच्या खाटेवरून हाक आली, "काय हो, आत वाघ शिरलाय काय?"

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी. त्याच्या पोटाला टाके, खाकरताना कळवळला. पोरी हिरमुसल्या.

"एकाला जमलं, एकाला नाही. आता बदला," मॅडम म्हणाल्या.

पोरींनी त्याच्या हातात तांब्या दिला, वाजवायला. मी मात्र खाकरतच राहिलो.

घरी निघताना ती पोर पाटी काढायला आली.

"मी पडलो काय गो?"

"नाही, आजोबा."

"मग मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तिने सांगितलं. रिक्षापर्यंत चालत गेलो. ती बाजूने आली, हात न लावता. आत बसलो आणि मुद्दाम एकदा खाकरलो.