केंद्रक काढणाऱ्या ताई

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताई म्हणत. अकरा वर्षं काम एकच: मायक्रोस्कोपखाली गायीच्या बीजांडाला केसाहून बारीक काचेची नळी टोचायची, आतलं केंद्रक ओढून घ्यायचं आणि त्याच्या जागी दुसऱ्या गायीच्या कातडीची पेशी ठेवायची. मग विजेचा हलका झटका. जमलं, तर त्या पेशीतलं केंद्रक आपण कातडीचे आहोत हे विसरतं आणि पहिल्यापासून अख्खी गाय घडवायला घेतं. शंभरात एखाददुसरंच जमतं.

नवरा गेल्यावर पंधरा दिवसांनी ताई कामावर आल्या. सगळ्यांना वाटलं, हात थरथरेल. हात जराही हलला नाही.

"धीराच्या आहात हो तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

ताईंना धीर-बीर काही जाणवत नव्हतं. समोर ताट आलं की त्या जेवत, घड्याळ वाजलं की उठत.

त्याच महिन्यात एक गोठेवाला नुकत्याच मेलेल्या गायीच्या कानाचा तुकडा बर्फात घालून घेऊन आला. "हीच परत पाहिजे मला."

दोनशे बारा बीजांडं लागली; जमलेले गर्भ दुसऱ्या गायींच्या पोटात ठेवले आणि नऊ महिने वाट पाहिली. पहिलं वासरू चौथ्या दिवशी गेलं; फुप्फुसं नीट उघडलीच नाहीत. डॉक्टर बाहेर जाऊन डोळे पुसून आले. ताईंनी नोंद केली, नळ्या धुतल्या, बीजांडांची पुढची बशी घेतली.

घरी वाटाणे सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं, "माणूस करता येतो का गं असा?"

"नाही, आई."

"केलाच, तर मला ओळखेल?"

"तान्हं बाळ असेल ते. कुणालाच नाही ओळखणार."

"हं," म्हणून सासूबाईंनी पुढची शेंग उचलली.

दुसरी कालवड जगली. गोठेवाला आला आणि तिच्या कपाळाकडे बघतच राहिला. "पांढरा चांद कुठंय?"

"केंद्रक तेच आहे," ताई म्हणाल्या. "पण ठिपके पोटात वाढताना पडतात. दर खेपेला वेगळे."

"म्हणजे ही ती नव्हे."

"नाही. उशिरा आलेली जुळी बहीण म्हणा."

त्याने कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग बाह्या सरसावून खाली बसला. "दूध कधी पाजलंत हिला?"

कालवडीने त्याची बोटं चोखली, मग मान वळवून ताईंचा तळवा चाटला. जीभ खरखरीत होती. ताईंनी हात तसाच राहू दिला.

त्या दुपारी त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली.

"काही काम आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहीत नाही."

पहिले दोन दिवस त्या झोपूनच होत्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना हाक मारून त्यांनी नवऱ्याचं, तो गेल्यापासून बंद असलेलं कपाट उघडलं.