आरशासारखं पाणी

आमच्या धरणाच्या जलाशयावर पाण्यावरून उडणारं विमान येणार होतं, म्हणून आठ दिवस मासेमारी बंद होती. मंत्र्यांच्या फोटोत पाणी आरशासारखं दिसावं, असा वरून हुकूम. होड्या काठावर पालथ्या पडल्या होत्या, आणि दगडूमामांच्या घरी आठ दिवस उसनं पीठ शिजत होतं.

मंत्र्यांना घेऊन विमान दोनदा जोरात धावलं. दोन्ही वेळा ते पाण्यावरून सुटेना. वैमानिक म्हणाला, पाणी फार सपाट आहे. असं पाणी विमानाला चिकटवून ठेवतं. थोड्या लाटा हव्यात.

धरणावरचे साहेब घाईने काठावर आले. "मामा, तुमची इंजिनाची होडी काढा. जरा पाणी हलवा."

"परवा हेच करणार होतो," मामा म्हणाले, "तर तुम्ही होडी जप्त करायला निघाला होता."

तरी त्यांनी होडी काढली. जाताना जाळंही घेतलं. दोन घिरट्या झाल्या, लाटा उठल्या आणि विमान सुटलं. मांडवात टाळ्या वाजल्या, अर्थात वर बघून. खाली शांतता हवी, असं वर जाणारे नेहमी सांगतात. त्यांना उचलायला मात्र खालीच कुणालातरी पाणी ढवळावं लागतं.

मामांनी जाळं टाकलं, तोच काठावरून शिपायाची शिट्टी आली.

"मामा, बाहेर या. मंत्रीसाहेब परत उतरणारेत, फोटो राहिलाय."

मामांनी जाळं रिकामंच वर ओढलं. थोड्या वेळात पाणी पुन्हा आरशासारखं झालं.