डोहाळजेवणाचं ताजं पाणी

धरण काठोकाठ भरलेलं असताना बारा फ्लॅट कोरडे ठेवणं सोपं नसतं. मला ते एका संध्याकाळीत जमलं.

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. (बिनविरोध! दुसरं कुणी तयार नव्हतं.) नळाचं पाणी आधी आमच्या खालच्या हौदात पडतं, मग मोटार ते आपोआप गच्चीवरच्या टाकीत चढवते. आमच्या भागाला नव्या जलकुंभाचं पाणी रविवारी पहाटे पहिल्यांदा सोडणार, असं कळलं. नेमकं त्याच रविवारी आमच्याकडे लेकीचं, मृणालचं, डोहाळजेवण. चाळीस माणसं!

शनिवारी संध्याकाळी मी फर्मान काढलं, "नव्या पाण्यात जुनं मिसळायचं नाही. टाकी धुवायची, घरातले पिंप-हंडे ओतून टाकायचे!"

"अहो, आधी नवं येऊ तर द्या," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"पहिलटकरणीला शिळं पाणी पाजणार?"

पहिलटकरणीचं नाव निघालं की आपल्याकडे सगळे कामाला लागतात. बाराही घरांनी पिंपं उपडी केली. मी स्वतः गच्चीवर जाऊन टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडला, टाकी लखलखीत घासली आणि पुण्यवान माणसासारखा झोपलो.

सकाळी नळ सोडला. फुस्स!

"बाबा, मी आंघोळ कशी करू?" सातव्या महिन्याचं पोट सावरत मृणालने विचारलं.

"साहेब, भात कोरडाच शिजवू का?" स्वयंपाकाच्या बाईंनी विचारलं.

सुनंदाने थेट निफाडला भावाला फोन लावला. (हे जास्त भीतिदायक होतं.)

तळमजल्यावरच्या कुलकर्णी काकू वर आल्या. "अहो, मोटार पहाटेपासून घरघरतेय."

"ती हवा ओढतेय, काकू," मी समजावलं. (मी बी.कॉम. आहे.)

"हौदाचं झाकण उघडून बघू का?"

"मुळीच नको! अजून हवा जाईल!"

नऊच्या सुमारास बारा घरांची माणसं रिकामे हंडे घेऊन फाटकाशी जमली. तेवढ्यात पाणी सोडणारे पवार सायकलवरून चालले होते. मी त्यांना अडवलं.

"पाणी का सोडलं नाही?"

"सोडलंय साहेब, पहाटे पाचला. फुल प्रेशर."

"खोटं बोलता? तुमच्या लेकीचं डोहाळजेवण असतं तर?"

मागून हंडे वाजले. माझ्या अंगात वीरश्री संचारली. मी दहा मिनिटं बोललो! कर, नागरिक, कर्तव्य... पवार खाली मान घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "आज माझी सुट्टी होती साहेब. नवी लाइन म्हणून आलो."

टाळ्या पडणार, इतक्यात इमारतीमागून माझा मेहुणा आला. निफाडहून पाण्याचे सहा ड्रम पिकअपमध्ये घालून आला होता आणि गाडी मागच्या गल्लीत लावली होती. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"दाजी, पाणी नाय म्हणून बोलावलं ना? मागं तर गच्चीच्या पाइपातून पाट सुटलाय! माझ्या द्राक्षबागेला एवढं पाणी येत नाय. लय भारी सोय हाय तुमची!"

बाराही हंडे एकदम माझ्याकडे वळले.

टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह. उघडला मी. बंद... कुणी करायचा होता?

चार मजले मी आयुष्यात इतक्या वेगाने चढलो नव्हतो. व्हॉल्व्ह फिरवला तोवर पाण्याची वेळ संपली होती आणि हौदही रिता झाला होता. मृणालची आंघोळ, चाळीस पानं, भात, सगळं निफाडच्या पाण्यावर झालं. पाहुणे म्हणाले, पाण्याला चव आहे.

दुसऱ्या दिवशी मी पवारांची हात जोडून माफी मागितली.

"माफी राहू द्या साहेब," ते रस्त्यावरच्या व्हॉल्व्हची किल्ली फिरवता फिरवता म्हणाले. "पाणी सोडतोय. आधी वर जाऊन बघून या."

आता मला नातू झालाय. बारसं निफाडला ठरलं. सेक्रेटरीला कुणी विचारलंच नाही, म्हणून मीच सुनंदाला म्हटलं, "आपल्याकडे का नको?"

"भावाकडे विहीर आहे," ती शांतपणे म्हणाली, "आणि तिला खालून व्हॉल्व्ह नाही."