मोठ्या मापाचं पिस्तूल

आमचे वळसंगचे शेजारी सगळं एक माप मोठं घेतात. त्यांच्या चपलाही टाचेमागे बोटभर उरतात. शेतातल्या वस्तीवर एकटे राहतात, म्हणून त्यांना पिस्तुलाचा परवाना मिळाला. मला घेऊन ते सोलापुरातल्या दुकानात आले. हात लहान, तरी बत्तीस बोअरचं सगळ्यांत मोठं पिस्तूल उचललं.

"लई शोभतंय की!" ते म्हणाले.

दुकानामागच्या चाचणीत पहिल्याच बाराला मनगट लचकलं आणि गोळी निशाणाच्या कागदाला शिवलीसुद्धा नाही. मग दुकानदारानं बावीस बोअरचं छोटं दिलं. ते मुठीत नीट बसलं, गोळ्याही कागदात लागल्या. शेजारी बराच वेळ मनगट चोळत राहिले.

"ह्येच द्या," ते म्हणाले. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात ते दुकानदाराकडं वाकून कुजबुजले, "कमरंचं कव्हर तेवढं मोठ्याचं द्या. गावात लोकं बघत्यात की."