सहादेवचा दम

“दम माजा तुटला न्हाई, जीभ घसरली.”

हे वाक्य सहादेव आयुष्यभर म्हणत आला. पेरणीला म्हणाला, सोयरिकीच्या बैठकीत म्हणाला, लोकांच्या मयतीला गेला तरी तिथंही म्हणाला. ऐकणारे हसत आणि त्याला ‘दमतुट्या’ म्हणत. पोतं डोक्यावर घेऊन निघाला की पारावरून हाक यायची, “सांभाळ रं, मधीच तुटंल!” मग सहादेव पोतं टाकून दगड उचलायचा.

ज्या सामन्यावरून हे सुरू झालं, त्याला सत्तर वर्षं होत आली. तिसगावच्या मैदानात वाडी विरुद्ध तिसगाव असा इनामाचा सामना झाला होता. तोवर आपल्याकडे पोरं हुतूतूच खेळत. त्या साली नगरहून आलेल्या पंचाने बजावलं, आता नवा नियम, तोंडाने ‘कबड्डी’ म्हणायचं, दुसरा शब्द निघाला की बाद. शेवटची चढाई वाडीच्या सहादेवची. तिसगावच्या गोरक्षनाथाने त्याची कंबर धरली आणि वर आणखी चौघे कोसळले. त्या ढिगाखालून सहादेव मध्यरेषेकडे सरपटत होता. छातीत वारा गच्च भरलेला होता, पण जीभ लहानपणीच्या वळणाची. ती ‘कबड्डी’ सोडून ‘हुतूतू’वर गेली. पंचाला ‘कबड्डी’ ऐकू येईना, त्याने शिट्टी मारली. गुणपत्रकात लिहिलं गेलं: सहादेव, दम तुटून बाद, पकड गोरक्षनाथ.

खरं काय ते एकट्या गोरक्षनाथाने ऐकलं होतं, कारण सहादेवचं तोंड त्याच्या कानाशी होतं. तो बोलला नाही. त्या एका पकडीवर तो जन्मभर ताठ चालला.

यंदा शाळेच्या मैदानाची भिंत रंगवायला काढली. खेळाच्या शिक्षिका स्नेहल बाईंनी त्या सामन्याचं गुणपत्रक भिंतीवर उतरवलं आणि दोघा म्हाताऱ्यांना शाल द्यायला बोलावलं. शाल खांद्यावर पडली आणि सहादेवची नजर भिंतीवर गेली.

“बाई, ते पुसा.”

“बाबा, कागदावर आहे तसंच लिहिलंय. आणि शब्द चुकला तरी बादच ना? गुण काही बदलत नाही.”

“गुन कोन मागतंय? हार आमचीच. चूक माजी, ती लिवा मोठ्या अक्षरात. पर दम तुटला म्हनू नका.”

खुर्चीतला गोरक्षनाथ खाकरला. “सुंभ जळलं तरी पीळ जाईना. ए दमतुट्या, शाल घेतलीस, आता गप घरी जा.”

“तू सांग की! तुज्या कानात काय म्हनत हुतो मी?”

“बोकडागत आचके देत हुतास.”

“आन् तू? गोचिडासारखा कमरंला लोंबत हुतास. त्याला पकड म्हनत्यात व्हय?”

हे गोरक्षनाथाला झोंबलं. तो खुर्चीतून अर्धा उठला. “गोचीड? अरं, मुंडकं दाबलं हुतं तुजं! शिट्टी झाली तरी निस्ता हुतूतू, हुतूतू करत हुतास, माजा कान थुंकीनं भरला हुता!”

सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो ते गोरक्षनाथाला सगळ्यांच्या नंतर कळलं.

रंग अजून ओला होता. स्नेहल बाईंनी फडकं घेऊन ‘दम तुटून’ पुसलं आणि ‘शब्द चुकून’ लिहिलं. हात थोडा थांबला. शब्द चुकून बाद झालेल्याची पकड कुणाच्या नावावर लावायची? त्यांनी गोरक्षनाथाचं नावही पुसलं.

“सहादेवबाबा, आता तुमाला चुक्या म्हनायचं का?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“म्हना. ते खरं हाय.”

सहादेवने खांद्यावरची शाल काढली आणि गोरक्षनाथाच्या मांडीवर टाकली. “ही बी तूच घे. पांघरायला लागंल तुला आता.”

तो फाटकातून बाहेर पडला. माणसं भिंतीपुढे दाटली होती, मोबाईलवर फोटो काढत होती. जाणाऱ्या सहादेवकडे पाहत होता तो एकटा गोरक्षनाथ, मांडीवर दोन शाली घेऊन.