नापसंत गोळ्या

आमच्या कल्याणच्या घरी मामंजींची एक ठासणीची बंदूक होती. मामंजी गेले, परवाना मुलाच्या नावावर झाला आणि बंदूक माजघराच्या भिंतीवर टांगलेली राहिली. आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून. तोवर त्या बंदुकीने यांनी दोन होले आणि एक कबूतर मारले होते, आणि ते कबूतरही शेजाऱ्यांचे निघाले.

एका चैत्रात मुरबाडच्या पलीकडल्या वाडीतले लोक कचेरीत अर्ज घेऊन आले. मोहाची फुले गळू लागली होती आणि नेमके वेचायच्या वेळी झाडाखाली अस्वल येऊन बसत होते. फुले वेचायला जायची कुणाची छाती होईना. अर्ज ठेवून घ्यायचा आणि "बघू" म्हणायचे, एवढेच यांचे काम. पण यांना काय सुचले कोण जाणे, हे म्हणाले, "माझ्याकडे बंदूक आहे, मी येतो."

घरी येऊन सांगितले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. मी आत जाऊन रडले. ठासणीच्या बंदुकीत एका वेळी एकच गोळी. ती चुकली की पुन्हा दारू ओता, चिंधी लावा, गोळी गजाने ठासा, टोपी बसवा. तोवर अस्वल काय पाटावर बसून वाट पाहणार होते? पण हे सगळे मी मनात म्हटले. मी तेव्हा सतरा वर्षांची. वडील माणसांदेखत नवऱ्याला 'जाऊ नका' म्हणायची आमच्यात सोय नव्हती.

पुढे तीन दिवस नुसता खल चालला. निव्वळ शिशाची गोळी मऊ, ती अस्वलाच्या चरबीतच चपटी होऊन बसेल. कथील मिसळले तर कडक होईल, ती हाड फोडेल. गोळी गोल बरी की टोकदार बरी, यावर कचेरीतले दोघे ओसरीवर येऊन पन्हे पीत वाद घालून गेले. त्या दोघांनीही अस्वल पाहिले होते ते दरवेशापुढे नाचताना. शेवटी सासूबाई आतूनच म्हणाल्या, "गोल. आणि शेरभर शिशाला दोन तोळे कथील. तुझे वडील तेच घालत." खल तिथेच संपला.

आता घरचा एक नियम असा होता की गोळ्या ज्याने ओतल्या त्याने त्या निवडायच्या नाहीत. आपण केलेले कुणाला वाईट दिसत नाही म्हणून. मामंजी परसातल्या चुलीवर पळीत शिसे वितळवून साच्यात ओतत आणि सासूबाई निवडत. पण आता त्यांची नजर अधू झाली होती, त्यामुळे ते काम माझ्याकडे आले. रीत त्यांनीच शिकवली. साच्याच्या तोंडाशी गोळीला राहिलेली शेपटी अडकित्त्याने छाटायची. पालथ्या ताटावर ती घरंगळू द्यायची, डगमगली तर बाद. अंगावर सुरकुती दिसली तर बाद. सोनारी काट्यात तोलायची, हलकी भरली तर पोटात हवा आहे, बाद. माझ्या माहेरी मला पाहायला आले होते तेव्हा मलाही असेच चालवून, उजेडात उभे करून पाहिले होते, त्यामुळे मला फार शिकवावे लागले नाही.

पहिल्या दिवशी बारा गोळ्या पडल्या. मी बाराही नापसंत केल्या. त्यांतल्या सात खरोखरच वाईट होत्या. बाकीच्या पाचांत काही खोट नव्हती, हे आज कबूल करते.

"हिच्यावर सुरकुती आहे," मी म्हणे.

"कुठे?"

"ही काय."

हे गोळी उजेडात धरून बराच वेळ बघत आणि म्हणत, "आहे खरी."

असे सहा दिवस चालले. हे कचेरीतून आले की ओतत, मी नापसंत करी, सासूबाई सगळ्या गोळा करून पुन्हा पळीत टाकत. एकदा त्यांनी एक गोळी बोटांत फिरवून पाहिली. "डोळे गेले तरी बोटांना कळते गं मला," त्या हळूच म्हणाल्या. मग गोळी पळीत टाकून मोठ्याने म्हणाल्या, "अगदीच वाईट." त्यांचा तो एकुलता एक मुलगा. त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा आईसारख्या वाटल्या.

सातव्या दिवशी दुपारी त्या वाडीतली एक बाई पळसाची पाने विकायला आली. नेहमी येई ती. भारा उतरवून तिने विचारले, "बाय, बंदूक झाली का?"

"गोळ्या नीट पडत नाहीत," मी म्हटले.

ती परसात टेकली. "काल माझी सून गेली मोहाखाली. आमी नको बोललेलो. बोलली, घरात खायाला काय नाय, किती दीस बसू? अस्वलानी खांदा फारला तिचा. वाचंल." मग चुलीवरच्या पळीकडे बघत म्हणाली, "अजून आठ दीस मोहू गलंल. मंग काय वेचाचा?"

तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते. मला माझी फार लाज वाटली.

त्या संध्याकाळी पंधरा गोळ्या पडल्या. मी तीन बाजूला काढल्या. "या पसंत."

"नीट पाहिल्यास ना?"

"पाहिल्या."

"पुन्हा एकदा तोलून बघ."

मी तोलून दाखवल्या. हे म्हणाले, "घरंगळवून?" तेही दाखवले. सासूबाई उठल्या आणि देवापुढे जाऊन बसल्या.

हे वाडीवर गेले. चार दिवस आम्ही सासूसुना जेवायला बसायचो आणि तशाच उठायचो. पाचव्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी थांबली आणि हे लंगडत उतरले, एका पायात वहाण नाही. पहिल्याच गोळीने अस्वल पडले होते. ते पडलेले बघून यांचे पाय असे लटपटले की हेही मचाणावरून पडले. सासूबाईंनी दृष्ट काढली, मग पुष्कळ रडल्या.

मागच्या दारी मी यांच्या पायांवर पाणी घालत होते. आम्ही दोघेच होतो. मला राहवेना. मी म्हटले, "एक सांगायचे आहे. पहिल्याच दिवशी पाच गोळ्या चांगल्या पडल्या होत्या."

"माहीत आहे."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

हे पायाची माती चोळू लागले. "कचेरीतून येताना मी रोज देवाला म्हणायचो, आजही हिला एकही पसंत पडू नये. त्या संध्याकाळी तू तीन काढल्यास ना, तेव्हा मला तुझा फार राग आला होता."

मी तांब्या खाली ठेवला.

"मलाही माझा आला होता," मी म्हटले.